हद्द कोठे आखली आहे

उन्हाळा तापला की सोलापूर, पंढरपूर, इंदापूर या भागात एक वाक्य सर्रास ऐकू येते : उजनी मायनसमध्ये गेली. वर्तमानपत्रात तेच ‘उजनीचा पाणीसाठा उणे वीस टक्के’ असे छापून येते. धरणाच्या पाण्यावर ज्यांचा ऊस उभा आहे त्यांना यात नवल वाटत नाही. बाकीच्यांना मात्र प्रश्न पडायला हवा. पाणी संपले तर साठा शून्य होईल. शून्याच्या खाली तो जाईल कसा?

उत्तर धरणाच्या रचनेत आहे. माठाची तोटी तळापासून चार बोटे वर बसवलेली असते. तोटीतून धार यायची थांबली तरी माठात पाणी उरतेच. धरणातून पाणी बाहेर नेणारी कालव्यांची तोंडे अशीच तळापासून वर ठेवतात, कारण नदी पाण्याबरोबर गाळही आणते आणि त्या गाळासाठी खाली जागा राखावी लागते. या तोंडांच्या खालचे पाणी तो मृत साठा, वरचे तो उपयुक्त साठा. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७.२३ टीएमसी. त्यातले ६३.६६ टीएमसी मृत साठ्याचे आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठ्याचे. म्हणजे भरलेल्या उजनीतले निम्म्याहून अधिक पाणी हिशेबाच्या शून्याखाली असते. टक्केवारी काढताना शून्य धरतात ते मृत साठ्याच्या वरच्या पातळीला आणि शंभर टक्के धरतात ते त्या ५३.५७ टीएमसीला. उणे पन्नास टक्के याचा अर्थ शून्याच्या पातळीखालचे आणखी सुमारे २७ टीएमसी पाणी गेले. तरीही धरणात सुमारे ३७ टीएमसी शिल्लक असते. पुण्याला पाणी पुरवणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे काठोकाठ भरली, तरी त्यांचा उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी होतो. उणे पन्नास टक्क्यांवरच्या उजनीत त्याहून जास्त पाणी असते.

म्हणून ‘उणे’ हा आकडा खोटा आहे असे कोणी समजू नये. शून्याखालचे पाणी कालव्याने आपोआप शेतापर्यंत जात नाही. ते उपसावे लागते, त्यात गाळ अधिक असतो, आणि पुढच्या पावसाळ्यात आधी तो खड्डा भरून निघाल्याशिवाय उपयुक्त साठ्याची मोजणी सुरू होत नाही. पण कोशात ‘मृत साठा’ या शब्दासमोर ‘धरणातील वापरता न येणारे पाणी’ एवढेच लिहिले असेल, तर ती व्याख्या उजनीच्या काठावर उभी राहत नाही. तिथे हे ‘वापरता न येणारे’ पाणी दर टंचाईत उपसले जाते, पिण्यासाठी भीमेच्या पात्रात सोडलेही जाते. मृत म्हणजे काय हे ठरते ते पाण्यावरून नव्हे, अभियंत्याने कालव्याचे तोंड किती उंचीवर ठेवले यावरून.

या पुस्तकामागचा सगळा विचार या एका उदाहरणात आहे. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या बहुतेक संज्ञांच्या पोटात एक हद्द असते. ती निसर्गाने आखून दिलेली क्वचितच असते. माणसाने, काही कारणाने, काही साधनाने मोजून ती ठरवलेली असते. ती हद्द कोठे आहे, कोणी आखली, कशाने मोजली आणि तिच्या अलीकडे-पलीकडे पडल्याने कोणाचे काय बदलते, हे सांगितले तरच सामान्य वाचकाला संज्ञा कळली असे म्हणता येईल. बाकीचे पाठांतर झाले. पाठांतराने परीक्षेतले दोन गुण मिळतात. वीजबिल, हवामानाचा इशारा, रक्ततपासणीचा अहवाल किंवा पीकविम्याचा अर्ज समोर आला की त्याचा उपयोग होत नाही.

धरणांच्याच बातम्यांत थोडे आणखी थांबू, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाच्या वाट्याला इतक्या नियमितपणे येणारे तांत्रिक शब्द दुसरे नाहीत. पावसाळ्यात ‘खडकवासल्यातून मुठेत पस्तीस हजार क्युसेक पाणी सोडले’ असे मथळे असतात. वाक्याची घडण अशी की क्युसेक हे पाण्याचे माप वाटावे, लिटरसारखे. वास्तविक तो वेग आहे : दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. किती वेळ सोडले हे कळल्याशिवाय किती पाणी सोडले हे कळत नाही. टीएमसी हे मात्र साठ्याचे माप. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. दोहोंना जोडणारा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिले की एक टीएमसी होते. हा आकडा हाती असला की मथळा बोलू लागतो. पस्तीस हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालू राहिला तर तीन टीएमसी पाणी मुठेतून जाईल. खडकवासला धरणाचा स्वतःचा उपयुक्त साठा दोन टीएमसीच्याही आत आहे. म्हणजे तो विसर्ग एकट्या खडकवासल्याचा नसून वरच्या धरणांतून आणि ओढ्यानाल्यांतून सतत येत असलेल्या पाण्याचा आहे, आणि वर पाऊस थांबेपर्यंत तो थांबणार नाही. नदीकाठच्या सोसायटीत राहणाऱ्याने गाडी तळघरातून काढायची की नाही, हे या समजुतीवर ठरते.

वेग आणि साठा यांची ही गल्लत इतरत्रही आढळते. किलोवॅट हा वीज वापरण्याचा वेग आणि बिलावरचे ‘युनिट’ म्हणजे किलोवॅट-तास हा एकूण वापर. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट पडते. इंटरनेटच्या जाहिरातीतले शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट, आणि आपण उतरवून घेतो त्या चित्रपटाचा आकार मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट; त्यामुळे जाहिरातीतला वेग पूर्ण मिळाला तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच येणार. ग्राहकाला वाटते आपण फसवले गेलो. फसवणूक झालेली नसते, दोन वेगळी मापे कोणी शेजारी ठेवून दाखवलेली नसतात.

वातानुकूलन यंत्राचा ‘दीड टन’ हा याच घरातला शब्द. दुकानात उभा असलेला माणूस तो यंत्राचे वजन समजत नाही एवढे खरे, पण काय समजावे हेही त्याला कोणी सांगत नाही. नैसर्गिक बर्फावर थंडावा अवलंबून होता त्या काळातले हे अमेरिकी माप आहे. शून्य अंशावरचा एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढणारे यंत्र एक टनाचे. किलोवॅटमध्ये ते साडेतीन होतात. दीड टनाचे यंत्र सव्वापाच किलोवॅटच्या हिशेबाने उष्णता बाहेर टाकते आणि त्यासाठी वीज घेते साधारण दीड किलोवॅट. वापरलेल्या विजेच्या तिपटीहून अधिक काम कसे होते, हा प्रश्न इथे चाणाक्ष वाचक विचारतोच. यंत्र थंडी निर्माण करत नाही, आत असलेली उष्णता उचलून बाहेर नेते. आणि उष्णता वाहून नेणे हे ती निर्माण करण्यापेक्षा स्वस्त पडते. एका व्याख्येतून उष्मागतिकीच्या दारापर्यंत वाचक असा सहज येतो.

हद्दीमुळे माणसाच्या खिशाला थेट हात लागतो असा शब्द म्हणजे अतिवृष्टी. बोलताना आपण तो पावसाच्या जोरावरून वापरतो. शासकीय मदतीच्या हिशेबात मात्र चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाने. भारतीय हवामान विभागाच्या पायऱ्याही याच्याशी जुळणाऱ्या आहेत : ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. मिलिमीटर हे लांबीचे माप पावसाला का, हेही सांगायला हवे. जमिनीवर पडलेले पाणी मुरले नाही, वाहिले नाही, वाफ झाले नाही तर किती उंचीचा थर साचेल, ते मिलिमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. या हिशेबाने ६५ मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर साडेसहा हजार लिटरहून अधिक पाणी उतरते. शेतकऱ्याला गुंठ्याचा हिशेब सांगितला की मिलिमीटर परका राहत नाही.

आता हद्दीच्या बारकाव्याकडे पाहू. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. समजा पहाटे सहापासून अकरापर्यंत शंभर मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्यातला निम्मा साडेआठच्या आधी पडला. नोंदीत दोन दिवसांच्या खात्यावर पन्नास-पन्नास मिलिमीटर जमा होतील आणि कोणताच दिवस मुसळधार ठरणार नाही, जरी शेतातली माती पाच तासांत वाहून गेली. जागेचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर झाला. ‘मुंबईतला पाऊस’ या शब्दांना त्या दिवशी एकच आकडा जोडता येत नव्हता. मंडळातल्या एका पर्जन्यमापकावर पंचवीस-तीस गावांचे भवितव्य टांगलेले असते तेव्हा, मापकाजवळ साठ आणि डोंगराकडेच्या शिवारात नव्वद मिलिमीटर, असे होणे हा अपवाद नसतो. व्याख्या समजलेला शेतकरी मग ‘पाऊस खूप झाला’ असे म्हणून थांबत नाही. कोणत्या मापकाची, कोणत्या वेळेची नोंद धरली, हे तो तलाठ्याला विचारतो. हा प्रश्न त्याला विचारता यावा, एवढ्यासाठीसुद्धा हे पुस्तक लिहावेसे वाटले असते.

मोसमी पाऊस केरळात दाखल झाल्याची बातमीही अशीच. मे महिन्यात तिथे चार सरी आल्या की मोसमी पाऊस आला असे होत नाही. दहा मेनंतर, मिनिकॉयपासून मंगळुरूपर्यंतच्या ठरावीक चौदा केंद्रांपैकी किमान साठ टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडायला हवा. त्याच वेळी पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचा थर पुरेसा उंच हवा. आणि पृथ्वीवरून अवकाशात निघून जाणारी उष्णता उपग्रहाने मोजली असता ती दर चौरस मीटरला २०० वॅटच्या खाली उतरलेली हवी, म्हणजे आकाशात उंच आणि दाट ढग आहेत याची खात्री पटते. तीन वेगळ्या साक्षी जुळल्या की घोषणा. पण या घोषणेत लातूरच्या किंवा यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी पेरणीचा इशारा नाही. त्याच्यासाठी कृषी विभागाचा सल्ला निराळा असतो : आपल्या शिवारात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. केरळातली हद्द वाऱ्यांच्या अभ्यासासाठी आखलेली आणि शिवारातली हद्द बियाण्याच्या उगवणीसाठी. एकीचा अर्थ दुसरीला लावला की दुबार पेरणी कपाळी येते.

व्याख्येत ठरवण्याची रीत असावी ही काही अलीकडची मागणी नाही. १७८९ साली पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिए याने आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात मूलद्रव्याचा प्रश्न ज्या पद्धतीने हाताळला, तिचा मला फार आदर वाटतो. त्याच्याआधी दोन हजार वर्षे मूलद्रव्य म्हणजे सृष्टीचे अंतिम घटक काय असावेत यावर तत्त्वज्ञ बोलत होते. लाव्हाझिएने तो वाद बाजूला ठेवला. आज आपल्या हाती असलेल्या कोणत्याही उपायाने ज्या पदार्थाचे आणखी विघटन होत नाही, तो आपल्यापुरता मूलद्रव्य, असे तो म्हणाला आणि त्याने ३३ पदार्थांची यादी दिली. या यादीत ऑक्सिजन, हायड्रोजन, गंधक, सोने होते. प्रकाश आणि उष्णताही होती. चुना आणि मॅग्नेशियासुद्धा होते. आज ती वाचताना चुका दिसतात, पण व्याख्या कोठे चुकली नाही. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम वेगळे काढले आणि त्याच व्याख्येच्या आधाराने चुन्याचे नाव यादीतून गेले. चूक दुरुस्त करण्याचा मार्ग व्याख्येनेच आखून ठेवला होता.

पुढे १९१३ मध्ये हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या मोजणीतून दाखवले की प्रत्येक मूलद्रव्याला अणुकेंद्रातल्या विद्युतभारावरून एक क्रमांक देता येतो. तेव्हापासून मूलद्रव्याची ओळख त्या क्रमांकाने पक्की झाली. मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. आता प्रयोगशाळेत क्षणभरासाठी तयार होणाऱ्या अतिजड अणूंना मूलद्रव्य म्हणायचे की नाही, यालाही एक हद्द आहे : अणुकेंद्र सेकंदाच्या कोटी-कोटीव्या भागाइतके तरी टिकले पाहिजे. हा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही; केंद्राला स्वतःभोवती इलेक्ट्रॉन गोळा करायला साधारण तेवढा वेळ लागतो, आणि इलेक्ट्रॉन नसतील तर रसायनशास्त्राला त्याच्याशी काही कर्तव्य नाही. हद्दीमागचे कारण सांगितले की अवघड वाटणारी अट वाचकाला रास्त वाटू लागते.

काही शब्दांना मात्र दोन हद्दी असतात आणि दोन्ही खऱ्या असतात. ‘सेंद्रिय’ घ्या. बाजारात सेंद्रिय भाजी म्हणजे रासायनिक खत आणि कीटकनाशक न वापरता पिकवलेली. रसायनशास्त्रात सेंद्रिय संयुग म्हणजे, थोडे अपवाद सोडता, कार्बनचे संयुग. आता युरिया पाहा. शेतकऱ्याच्या तोंडी रासायनिक खत म्हटले की पहिले नाव त्याचेच, त्यात ४६ टक्के नत्र असते. आणि रसायनशास्त्रात युरिया हे सेंद्रिय संयुगच आहे. नुसते संयुग नाही, तर १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलरने निर्जीव मानल्या गेलेल्या पदार्थापासून ते प्रयोगशाळेत तयार केले तेव्हा सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवांच्या देहातच बनतात या समजुतीला मोठा तडा गेला. अशा शब्दाच्या नोंदीत एक अर्थ बरोबर आणि दुसरा अडाणी असे ठरवायचे मी टाळले आहे. शेतीतला अर्थ शेतीच्या प्रमाणपत्रापुरता काटेकोर आहे, रसायनातला रसायनापुरता. वाचकाला हवे असते ते एवढेच, की आपण सध्या कोणत्या हद्दीत उभे आहोत.

भूकंपाची तीव्रता हाही घोटाळ्याचा विषय. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, दोघांची महत्ता सहाच्या वर, साडेसहाच्या आसपास किंवा थोडी खाली. कोयनेला पावणेदोनशे-दोनशे माणसे गेली, किल्लारी परिसरात हजारो. महत्ता हा भूकंपाच्या उगमाशी किती ऊर्जा सुटली याचा आकडा आहे, आणि एका भूकंपाला तो एकच असतो. तो एका अंकाने वाढला तर ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. एखाद्या गावात जमीन किती हादरली, घरांचे काय झाले, हे सांगणारी तीव्रता ही वेगळी मोजणी, आणि ती गावागावाला बदलते. लातूर-उस्मानाबादकडची जाड दगडी भिंतींची, मातीत बांधलेली, वर मातीचे धाबे असलेली घरे पहाटे चारच्या सुमारास झोपलेल्या माणसांवर कोसळली. महत्तेच्या आकड्यात यातले काहीही नसते. बातमीत रिश्टरचा आकडा ऐकून ‘फार मोठा नव्हता’ असे जे म्हणतात, त्यांना या दोन शब्दांतला फरक कोणी सांगितलेला नसतो.

आकड्यामागची रीत दडलेली असली की काय होते हे महासाथीत सगळ्यांनी पाहिले. २०२० च्या नोव्हेंबरात फायझर-बायोएनटेकच्या लशीची परिणामकारकता ९५ टक्के असल्याचे जाहीर झाले. घरोघरी त्याचा अर्थ असा लावला गेला की शंभरांपैकी पाच जणांना लस घेऊनही करोना होणारच. मूळ हिशेब असा होता : सारख्या आकाराचे दोन गट, प्रत्येकी अठरा हजारांहून अधिक माणसांचे. लस न मिळालेल्या गटात लक्षणांसह आजारी पडलेले १६२ आणि लस मिळालेल्या गटात ८. लशीने १६२ चे ८ केले, म्हणजे आजाराचे प्रमाण ९५ टक्क्यांनी घटवले. लसवंतांपैकी आजारी पडलेले हजारात एकही नव्हते. परिणामकारकता म्हणजे लस घेतलेल्या एका माणसाचे भाग्य सांगणारी संख्या नाही, दोन गटांची तुलना आहे, आणि तीसुद्धा त्या काळातल्या विषाणूविरुद्ध, त्या अभ्यासाच्या मुदतीपुरती. हे चार ओळींत सांगता येते. त्या चार ओळी वेळेवर पोचल्या असत्या तर कितीतरी भीती आणि कितीतरी फाजील विश्वास दोन्ही टळले असते, असे मला मनापासून वाटते.

हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांकही सरासरी समजून वाचला जातो. आपल्याकडे तो काढताना आठ प्रदूषकांपैकी ज्यांची मोजणी उपलब्ध आहे त्यांचे स्वतंत्र उपनिर्देशांक काढतात, आणि त्यांतला सर्वांत वाईट आकडा हाच त्या ठिकाणचा निर्देशांक. सात प्रदूषक काबूत असले तरी एकटी सूक्ष्म धूळ आकडा तीनशेवर नेऊ शकते. दम्याच्या रुग्णाने आकड्याबरोबर कोणत्या प्रदूषकामुळे तो आला हेही पाहायला हवे.

ज्यांची हद्द अजून पक्की झालेली नाही असे शब्द सर्वांत अवघड. कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव जॉन मॅकार्थी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये एका परिषदेच्या प्रस्तावात वापरले. परिषद पुढच्या वर्षी डार्टमथला झाली. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने गॅरी कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवले तेव्हा तो या क्षेत्राचा विजय मानला गेला. आज मोबाइलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमला कोणी त्या नावाने आवर्जून ओळखत नाही, आणि जाहिरातीत मात्र कपडे धुण्याच्या यंत्रालाही ते नाव लागते. अशा शब्दाची एका ओळीची ठाम व्याख्या देणे म्हणजे वाचकाला नसलेली खात्री विकणे. त्या नोंदीत मी हद्द सरकती असल्याचे सांगितले आहे आणि पुढे वाचकाने विचारायचे प्रश्न दिले आहेत : हे यंत्र कोणत्या माहितीवरून शिकले, त्यातून बाहेर काय येते, ते किती वेळा चुकते आणि चुकले तर जबाबदार कोण.

मराठीत विज्ञान सांगण्याची वाट जुनी आहे. १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिकातून शास्त्रीय विषय वाचकांपुढे ठेवले. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासून निघते आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने व्याख्याने, स्पर्धा आणि पत्रिका यांतून दोन-तीन पिढ्यांना लिहायला शिकवले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी हजारो शब्द उपलब्ध करून दिले. हे सारे पाठीशी नसते तर या पुस्तकाची सुरुवातही करता आली नसती. मला उणीव वाटते ती पुढच्या पायरीची आहे. शब्द मिळाला, पण तो शब्द घेऊन माणूस तहसील कचेरीत, दवाखान्यात, वीज मंडळाच्या खिडकीपाशी उभा राहतो तेव्हा त्याला बोलता येईल असे स्पष्टीकरण क्वचित मिळाले.

म्हणून प्रत्येक नोंदीची पहिली ओळ अशी ठेवण्याचा प्रयत्न केला आहे की तिच्यात दुसरी न समजावलेली संज्ञा येऊ नये. विद्युतदाब म्हणजे व्होल्टमध्ये मोजला जाणारा दाब, अशा गोल फिरणाऱ्या ओळी कटाक्षाने टाळल्या आहेत. त्यानंतर मोजणी, एकक आणि शक्य तिथे आपल्या परिसरातला एखादा आकडा. हद्द कोणी आखली हे जिथे ठाऊक आहे तिथे सांगितले आहे. शब्दांची निवड करताना शुद्धतेपेक्षा प्रचाराला मान दिला : क्युसेक, व्होल्ट, व्हायरस हे शब्द तसेच घेतले, आणि विसर्ग, मृत साठा, पर्जन्यमापक हे रुळलेले मराठी शब्दही तसेच. समीकरणे जवळजवळ नाहीत, पण आकडे भरपूर आहेत, आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्याची गरज मला वाटत नाही. आकडा वाचकाला घाबरवतो असे प्रकाशक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. गावोगावच्या ग्रंथालयांत बोलताना लोक आकड्यालाच पहिल्यांदा धरतात, वहीत लिहून घेतात, आणि मग त्यावरून असे प्रश्न विचारतात की उत्तर द्यायला पुन्हा अभ्यास करावा लागतो. मोघम बोलण्याला मात्र ते मान डोलावतात आणि विसरतात.

क्वांटम यांत्रिकीतल्या बऱ्याच संज्ञा मी वगळल्या आहेत. त्या कमी महत्त्वाच्या म्हणून नाही. गणित सोडून त्यांची हद्द दाखवायला गेले की हाती केवळ चमत्काराची भाषा उरते, आणि तसल्या भाषेचा बाजारात आधीच सुकाळ आहे. वैद्यकातल्या संज्ञा घेतल्या त्या मुख्यतः तपासणीच्या अहवालांत येणाऱ्या. औषधांची नावे घेतलेली नाहीत.

हे पुस्तक अकारविल्हे लावलेले असले तरी पहिल्या पानापासून वाचण्याचा आग्रह नाही. वर्तमानपत्रात, बिलावर किंवा अहवालात जो शब्द अडला तिथून शिरावे. प्रत्येक नोंदीच्या शेवटी शेजारच्या ज्या शब्दाशी गल्लत होते त्याचा निर्देश आहे. तिथे जरूर जावे, कारण हद्दीची एकच बाजू पाहून हद्द कळत नाही.

काही नोंदी छापून होईतो जुन्या होतील हे गृहीत धरले आहे. किलोग्रॅमचेच पाहा. १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्र येथे जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल म्हणजे किलोग्रॅम, अशी व्याख्या होती. २० मे २०१९ पासून ती गेली आणि किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकाला जोडला गेला. वाण्याच्या तराजूत त्या दिवशी काही बदलले नाही, कारण नवी हद्द जुन्या हद्दीवर शक्य तितकी अचूक बसवूनच मग बदल केला होता. सेकंदाची पाळी आता येते आहे. १९६७ पासून सेकंद म्हणजे सीझियमच्या अणूतून निघणाऱ्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने. त्याहून कितीतरी अचूक अशी प्रकाशावर चालणारी घड्याळे आता प्रयोगशाळांत तयार आहेत, आणि २०३० च्या सुमारास व्याख्या बदलावी या दिशेने मापनशास्त्रज्ञांचे काम चालू आहे. ती बदलली की या पुस्तकातली ‘सेकंद’ ही नोंद पुन्हा लिहावी लागेल. तिच्यासाठी मागे थोडी पाने कोरी सोडण्याची विनंती मी प्रकाशकांना केली आहे.